वाइल्ड बिल हिकॉकने नेमकी किती माणसं मारली?

एप्रिल १८६७ मध्ये सेंट लुइसच्या एका वृत्तपत्रात एक मुलाखत छापून आली. घेणारा होता हेन्री स्टॅन्ली, जो पुढे चार वर्षांनी आफ्रिकेत लिव्हिंगस्टनला शोधून जगभर गाजला. देणारा होता जेम्स बटलर हिकॉक. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर त्याला ‘वाइल्ड बिल’ म्हणत. स्टॅन्लीने विचारलं, आजवर किती गोरी माणसं मारलीत? उत्तर आलं, शंभराच्या बरीच वर. पहिला माणूस मारला तेव्हा वय किती होतं? अठ्ठावीस.

आता साधा हिशोब करून बघा. हिकॉकचा जन्म २७ मे १८३७ चा, इलिनॉयमधल्या होमर या खेड्यातला. मुलाखत छापली गेली तेव्हा तो अजून तीसचाही नव्हता. पहिला माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी मारला असेल, तर दोन वर्षांच्या आत शंभरी ओलांडायला हवी. दर आठवड्याला जवळजवळ एक माणूस, तोही लढाईत नव्हे तर रस्त्यावर आणि गुत्त्यात. एवढी प्रेतं पडली असती तर त्यांचे पंचनामे, कोर्टाचे कागद, गावच्या वृत्तपत्रांतल्या बातम्या कुठेतरी सापडल्या असत्या. सापडतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, म्हणजे दोनच महिने आधी, एका मोठ्या मासिकाने छापलं होतं की हिकॉकने १८६१ मध्ये एका झटक्यात दहा जणांना लोळवलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. म्हणजे एक तर पहिला माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी मारला ही गोष्ट खोटी, नाही तर दहा जणांची लढाई खोटी. आणि दोन्ही गोष्टी त्यानेच सांगितल्या असं लिहिणाऱ्यांचं म्हणणं. प्रश्नाच्या शब्दांकडेही लक्ष द्या. विचारलं होतं ते फक्त गोऱ्या माणसांबद्दल. त्या काळच्या वाचकाला मूलनिवासींचे मृत्यू मोजावेसेच वाटत नव्हते. हिकॉकबद्दलच्या पुष्कळ लिखाणात ही दृष्टी आजही न तपासता पुढे चालत आली आहे, याचा मला राग येतो.

दंतकथा म्हटलं की आपल्याला वाटतं, माणूस मेल्यावर शंभर वर्षांत लोकांच्या तोंडून ती हळूहळू फुगत जाते. हिकॉकच्या बाबतीत तसं झालेलं नाही. ती तो जिवंत असताना, छापखान्यात आणि त्याच्याच मदतीने तयार झाली. त्यामुळे ती सोलून काढता येते. कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं, हे बऱ्याच ठिकाणी आपल्याला ठाऊक आहे.

मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या काळापासून घासूनपुसून चर्चिला गेला आहे. बखर मागाहून, कोणाला तरी ऐकवण्यासाठी लिहिलेली असते. हिशोबाची वही, करारपत्र, महजर म्हणजे निवाड्याचा कागद, हे त्या त्या दिवसाच्या कामासाठी लिहिलेले असतात आणि लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास नसतो. हिकॉकच्या आयुष्यातही हेच दोन ढीग आहेत. एका ढिगात मासिकं, रंगभूमीवरची नाटकं, स्वस्तातल्या साहसकथा आणि म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी. दुसऱ्या ढिगात तक्रारअर्ज, पंचनामे, नगरपालिकेची इतिवृत्तं, लष्कराची पगारपत्रकं. दोन्ही ढीग समोरासमोर ठेवले की गंमत सुरू होते.

पहिली मोठी कथा रॉक क्रीक स्टेशनची.

हे ठिकाण आजच्या नेब्रास्का राज्यात आहे. घोडागाड्यांच्या आणि पोनी एक्स्प्रेसच्या, म्हणजे घोडेस्वारांकरवी जाणाऱ्या टपालाच्या, वाटेवरचा तो एक तळ होता. १८६१ च्या वसंतात हिकॉक तिथे घोड्यांची देखभाल करायला लागला. जागा मुळात डेव्हिड मॅकॅनल्स या माणसाची. त्याने ती टपाल चालवणाऱ्या कंपनीला हप्त्यांवर विकली होती, कंपनी डबघाईला आलेली होती आणि हप्ते थकले होते. १२ जुलै १८६१ ला मॅकॅनल्स पैसे मागायला आला. सोबत त्याचा बारा वर्षांचा मुलगा मन्रो आणि वूड्स आणि गॉर्डन नावाचे दोन साथीदार होते. थोड्या वेळात मॅकॅनल्स आणि ते दोघे मेलेले होते. मुलगा पळून वाचला.

आता हीच घटना ‘हार्पर्स न्यू मंथली मॅगझिन’च्या फेब्रुवारी १८६७ च्या अंकात कशी आली ते पाहा. लेखक जॉर्ज वॉर्ड निकोल्स, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात सैन्यात अधिकारी राहिलेला. त्याच्या लेखात तीन माणसांचे दहा झाले. थकलेल्या हप्त्यांचा मालक दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या झाला. हिकॉक एकटा, एका खोलीत, आधी बंदुकीने, मग रिव्हॉल्व्हरने, मग सुऱ्याने सगळ्यांना संपवतो. अंगात अकरा छर्रे घुसले, तेरा ठिकाणी वार झाले, असं हिकॉकच्या तोंडी घातलं आहे. त्या काळची वैद्यकी लक्षात घेतली तर एवढ्या जखमांनंतर माणूस वाचणंच अवघड, आणि हिकॉक तर काही दिवसांत कोर्टात उभा होता. आणखी एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. ज्याच्यावर हा सगळा लेख, त्याचं नाव निकोल्सने ‘विल्यम हिचकॉक’ असं छापलं. नाव जेम्स, आडनाव हिकॉक. नायकाचं नावही धड न विचारणाऱ्या माणसाच्या हातातली प्रेतांची मोजणी किती विश्वासाची धरायची?

कोर्टाचे कागद मात्र साठेक वर्षं कोणी पाहिलेच नव्हते. १९२० च्या दशकात ते नेब्रास्कातल्या बिअ‍ॅट्रिस गावच्या कचेरीत सापडले. मॅकॅनल्सच्या भावाने केलेली खुनाची तक्रार त्यात आहे. आरोपी म्हणून तीन नावं आहेत: ‘डच बिल’, ‘डॉक’ आणि तळाचा व्यवस्थापक वेलमन. हा डच बिल म्हणजेच हिकॉक. तक्रार करणाऱ्याला त्याचं खरं नावही माहीत नव्हतं, इतका तो तेव्हा अनोळखी, किरकोळ माणूस होता. दहा जणांची टोळी त्या कागदांत कुठेच नाही. तीन मेलेली माणसं आहेत आणि तीन आरोपी आहेत. स्वसंरक्षण आणि कंपनीच्या मालमत्तेचं रक्षण या मुद्द्यावर तिघेही सुटले.

म्हणून कागद सापडला की सत्य सापडलं, असं मात्र समजू नका. कोर्टाने सोडलं म्हणजे हिकॉक निर्दोष होता, हा निष्कर्ष घाईचा आहे. सगळं जवळून पाहणारा एक साक्षीदार होता, मन्रो. त्याची साक्ष घेतलीच गेली नाही. त्याने म्हातारपणी सांगितलं की वडील नि:शस्त्र होते आणि त्यांना घराच्या आतून, पडद्याआडून गोळी घातली गेली. हे त्याने साठ वर्षांनी सांगितलं, आणि तो मेलेल्या माणसाचा मुलगा होता. म्हणजे त्याच्याही सांगण्याला एक बाजू आहे. पण कोर्टात ज्यांची बाजू ऐकली गेली ते सगळे आरोपीच्या बाजूचे, कंपनीची माणसं होती, हेही तितकंच खरं. गोळी कोणी झाडली, पहिलं शस्त्र कोणी काढलं, हे या कागदांवरून ठरत नाही. ठरतं ते एवढंच की दहाची गोष्ट बनावट आहे आणि भांडण थकलेल्या पैशांचं होतं.

दुसरी कथा स्प्रिंगफील्डची, आणि इथे मात्र दंतकथेत बरंच तथ्य आहे. मोकळ्या चौकात दोन माणसं समोरासमोर, दोघांचे हात पिस्तुलाकडे, ही जी प्रतिमा सिनेमांनी आपल्या डोक्यात घट्ट बसवली, तसं प्रत्यक्षात फार क्वचित घडायचं. बहुतेक गोळीबार गुत्त्यांत, दारूच्या नशेत, हाताच्या अंतरावर किंवा पाठीत व्हायचे. २१ जुलै १८६५ ला मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात जे झालं ते त्या प्रतिमेच्या सर्वांत जवळ जाणारं आहे, आणि त्याची सरकारी नोंद आहे.

हिकॉक आणि डेव्हिस टट हे एकेकाळचे मित्र. युद्धात एक उत्तरेकडून, दुसरा दक्षिणेकडून. पत्त्यांच्या डावावरून पैशांचा वाद झाला. टट म्हणाला पस्तीस डॉलर येणं आहे, हिकॉक म्हणाला पंचवीस. टटने तारण म्हणून हिकॉकचं सोन्याचं खिशातलं घड्याळ उचललं आणि ते घालून चौकात मिरवीन म्हणाला. हिकॉकने बजावलं, घड्याळ घेऊन हा चौक ओलांडू नकोस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टट आला. साधारण पंचाहत्तर यार्डांवरून, म्हणजे सत्तर मीटरच्या आसपास अंतरावरून, दोघांनी जवळजवळ एकाच वेळी गोळी झाडली. टट कोसळला.

निकोल्सच्या लेखात याचंही नाटक झालं. गोळी लागली का हे न पाहताच हिकॉक गर्रकन वळून टटच्या मित्रांना दटावतो, वगैरे. पण १९९० च्या दशकात त्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात पंचनाम्याचे कागद हाती आले आणि काही गोष्टी पक्क्या झाल्या. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील डॉक्टरच्या दोन ओळींत आहे. गोळी उजव्या बाजूने, पाचव्या आणि सातव्या बरगडीच्या दरम्यान शिरली आणि डाव्या बाजूने त्याच उंचीवर बाहेर पडली. म्हणजे टट छाती पुढे करून उभा नव्हता. तो एक खांदा पुढे काढून आडवा उभा होता. द्वंद्वात शत्रूला शरीराचा कमीत कमी भाग दिसावा म्हणून माणूस असाच उभा राहतो. त्याच्या रिव्हॉल्व्हरचं एक घर रिकामं होतं, म्हणजे त्यानेही गोळी झाडली होती. बेसावध माणसाला मारल्याचा आरोप या दोन नोंदींनी बराच ढिला पडतो, आणि ज्या डॉक्टरने ते लिहिलं त्याला कोणाची बाजू सावरायची नव्हती. तो जखम मोजत होता.

ऑगस्टमध्ये खटला झाला. खुनाचा आरोप खाली आणून सदोष मनुष्यवधाचा केला होता, आणि ज्यूरीने हिकॉकला निर्दोष सोडलं. मासिकाच्या वाचकांना जे कळलं नाही ते म्हणजे स्प्रिंगफील्डमधले अनेक लोक या निकालावर नाराज होते. भर चौकात शस्त्र घेऊन वाट अडवून उभं राहायचं आणि मग स्वसंरक्षण म्हणायचं, हे कसलं, असा सूर गावच्या वृत्तपत्रात उमटला. पुढे निकोल्सचा लेख आला तेव्हा याच गावच्या वृत्तपत्राने त्यातल्या चुका दाखवल्या. लेखात हिकॉकची काळी घोडी मालकाच्या इशाऱ्यावर गुत्त्यातल्या बिलियर्डच्या टेबलावर चढते. गावकऱ्यांना ते काही पटलं नाही. पण त्या छोट्या गावच्या पत्राचे वाचक किती आणि ‘हार्पर्स’चे किती! दुरुस्ती जागच्या जागी राहिली आणि कथा देशभर गेली.

इथे थोडं शस्त्राबद्दल सांगायला हवं, कारण बऱ्याच दंतकथा शस्त्र न समजल्यामुळे टिकून आहेत. हिकॉकच्या हातातली रिव्हॉल्व्हरं कोल्ट कंपनीची १८५१ ची ‘नेव्ही’ होती. तयार काडतूस घालायचं ते शस्त्र नव्हे. ठासणीच्या बंदुकीचीच ती छोटी, फिरत्या घरांची आवृत्ती. प्रत्येक घरात आधी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. असं सहा वेळा. भांडण सुरू असताना हे करता येत नाही. हवेत दमटपणा असेल तर बार फुसका जातो. आणि काळ्या दारूचा धूर इतका दाट की बंद खोलीत दोन-तीन बार झाले की समोरचा माणूस दिसत नाही. गुत्त्यातल्या गोळीबारांचे साक्षीदार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात त्याचं एक कारण हा धूर आहे. सगळेच खोटं बोलत होते असं नाही. अशा शस्त्राने सत्तर मीटरवरून माणसाला अचूक टिपणं ही खरोखर मोठी नेमबाजी आहे. क्षणार्धात शस्त्र उपसणं हा गुण पुढे कथाकारांनी त्याला चिकटवला. स्प्रिंगफील्डमध्ये कामाला आला तो स्थिर हात.

त्याच्या छायाचित्रांचंही असंच आहे. १८६९ च्या सुमाराचं एक फार प्रसिद्ध छायाचित्र आहे. हरणाच्या कातड्याचा पोशाख, कमरेला दोन रिव्हॉल्व्हरं, मुठी पुढच्या बाजूला वळवलेल्या, आणि पट्ट्यात खोचलेला एक भला मोठा सुरा. त्या सुऱ्याकडे नीट पाहिलं तर तो म्यानाविना, उघड्या पात्याचा आहे. असा सुरा कमरेला खोचून कोणी घोड्यावर बसलं तर पहिल्याच उडीत स्वतःचं पोट फाडून घेईल. छायाचित्र खरं आहे, माणूस खरा आहे, मांडणी स्टुडिओतली आहे. रिव्हॉल्व्हरच्या मुठी पुढे ठेवायची सवय मात्र त्याच्या अनेक छायाचित्रांत दिसते, म्हणून ती विश्वासाची.

निकोल्सचा लेख छापून आल्यावर हिकॉकचं आयुष्य बदललं. ज्या गावांना गुंडांचा त्रास होता त्यांना असा माणूस हवा होता ज्याच्या नावानेच लोक दबतील. ऑगस्ट १८६९ मध्ये कॅन्ससमधल्या हेज सिटीत तो शेरीफ म्हणून निवडून आला. महिन्या-दीड महिन्यात त्याच्या हातून दोघे मेले, मल्वी आणि स्ट्रॉहन. नोव्हेंबरच्या निवडणुकीत लोकांनी त्याला पाडलं आणि त्याच्याच हाताखालच्या माणसाला निवडलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्याच गावात घोडदळाच्या दोन शिपायांशी मारामारी झाली; त्यातला एक, काइल, मेला. दंतकथेत इथे शिपायांची अख्खी टोळी येते.

मग अबिलीन. टेक्ससमधून हजारो गुरं हाकत आणायची, इथे रेल्वेच्या वाघिणींत चढवायची, असा या गावाचा धंदा. महिनोन्महिने गुरांमागे चाललेली तरुण पोरं हातात पगार पडताच गावात सुटायची. एप्रिल १८७१ मध्ये नगरपालिकेने हिकॉकला मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, नेमलं. पगार महिना दीडशे डॉलर, शिवाय वसूल झालेल्या दंडात वाटा. गावात शस्त्र बाळगायला बंदी होती. म्हणजे ‘त्या काळी सगळेच बंदूक लटकवून फिरायचे’ हाही एक गैरसमजच. गुरांच्या बाजारगावांत बंदुकांवर आजच्या अमेरिकेपेक्षा कडक नियम होते असं म्हटलं तरी चालेल.

५ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री टेक्ससवाल्यांचा घोळका रस्त्यावर होता. गोळीचा आवाज आला म्हणून हिकॉक गेला. फिल को नावाचा जुगारी हातात पिस्तूल घेऊन उभा होता. म्हणाला, कुत्र्यावर झाडली. पुढच्या क्षणी दोघांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. अंतर जेमतेम आठ फूट. कोच्या गोळीने हिकॉकचा कोट फाटला, हिकॉकची गोळी कोच्या पोटात गेली. तो तीन दिवसांनी मेला. पण तेवढ्यात अंधारातून कोणीतरी पिस्तूल घेऊन धावत आलं आणि हिकॉकने वळून त्याच्यावर गोळी झाडली. तो माइक विल्यम्स होता, हिकॉकचा मित्र आणि खास पोलीस. मदतीला धावून येत होता.

साहसकथांमध्ये विल्यम्सला फारशी जागा नाही. मला मात्र हिकॉकच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची रात्र हीच वाटते. कारण या रात्रीनंतर तो जवळपास पाच वर्षं जगला, आणि त्या पाच वर्षांत त्याने कोणा माणसावर गोळी झाडल्याची एकही विश्वासार्ह नोंद नाही. १३ डिसेंबरला नगरपालिकेने त्याला कामावरून कमी केलं. इतिवृत्तात कारण दिलं आहे ते असं की शहराला आता त्याच्या सेवेची गरज उरलेली नाही. पुढच्या हंगामात गुरांचा व्यापारच अबिलीनमधून उठला.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर. युद्धकाळ वगळला तर ज्यांच्या मृत्यूची पक्की नोंद हिकॉकच्या नावावर आहे ते सहा जण: टट, मल्वी, स्ट्रॉहन, काइल, को आणि विल्यम्स. सातवा मॅकॅनल्स, जो त्याच्याच गोळीने मेला असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण तिथे संशयाला जागा आहे. युद्धात त्याने उत्तरेच्या फौजेसाठी हेरगिरी आणि टेहळणी केली, लष्कराच्या पगारपत्रकांवर त्याचं नाव आहे. तिथे त्याच्या हातून किती मेले ते कोणी मोजलेलं नाही. सहा किंवा सात. त्यातला एक चुकून मारलेला मित्र.

मग शंभराची गोष्ट सांगण्यात कोणाचा काय फायदा होता? मासिकाला खप हवा होता, तो मिळाला. पूर्वेकडच्या शहरी वाचकाला दूरच्या सरहद्दीचा थरार हवा होता. हिकॉकला धाक हवा होता. ज्याने शंभर मारले असं लोक मानतात, त्याच्यासमोर दारुडा लवकर पिस्तूल खाली ठेवतो. पण त्याचबरोबर ज्याला नाव कमवायचं आहे असा प्रत्येक माथेफिरू त्याच्याकडेच येणार. हे त्याला पुढे चांगलंच जाणवलेलं दिसतं. १८७३ मध्ये टेक्ससवाल्यांनी त्याला ठार मारल्याच्या बातम्या छापून आल्या तेव्हा त्याने स्वतः वृत्तपत्राला पत्र लिहून कळवलं की मी जिवंत आहे, आणि साहसकथा लिहिणारा नेड बंटलाइन गेली काही वर्षं मला लेखणीने मारायचा प्रयत्न करतो आहे. त्याच वर्षी तो बफेलो बिल कोडीच्या नाटक कंपनीत रंगमंचावर स्वतःचीच भूमिका करत होता. नाटक त्याला मानवलं नाही, काही महिन्यांत सोडून निघून गेला.

मृत्यूची कथा सर्वांना ठाऊक असते, आणि तिथेच जुनं-नवं सर्वांत जास्त मिसळलं आहे. पक्कं एवढं: २ ऑगस्ट १८७६, डेडवुड, आजचं साउथ डकोटा. सोनं सापडल्याने रातोरात उठलेली वस्ती. एका गुत्त्यात हिकॉक पोकर खेळत होता. भिंतीला पाठ लावून बसायची त्याची नेहमीची सवय, पण त्या जागेवर बसलेला खेळाडू उठायला तयार नव्हता. जॅक मॅकॉलने मागून डोक्यात गोळी घातली. ती गोळी आरपार जाऊन समोर बसलेल्या, कॅप्टन मॅसी नावाच्या माणसाच्या मनगटात शिरली.

त्याच्या हातात तेव्हा दोन काळे एक्के आणि दोन काळ्या अठ्ठ्या होत्या, हे तर पत्ते खेळणाऱ्या साऱ्या जगाला माहीत आहे. ‘मेलेल्याचा हात’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण १८७६ च्या कोणत्याही बातमीत किंवा साक्षीत पत्त्यांचा उल्लेख नाही. हिकॉकच्या नावाशी एक्के-अठ्ठ्या जोडलेल्या छापील स्वरूपात दिसतात त्या १९२६ च्या एका चरित्रात, म्हणजे पन्नास वर्षांनी. त्याच्या आधी, १८८६ मध्ये, हाच शब्दप्रयोग तीन गुलाम आणि दोन दश्श्यांसाठी वापरलेला आढळतो. पाचवा पत्ता कोणता यावर तर आजही एकमत नाही. ज्या गोष्टीबद्दल त्या दिवशी खोलीत असलेला कोणीही काही बोलला नाही आणि पन्नास वर्षांनी सगळं तपशीलवार कळलं, ती गोष्ट बाजूला ठेवलेलीच बरी.

मॅकॉलचा खटला दोनदा झाला. दुसऱ्याच दिवशी खाणकामगारांनी ज्यूरी बसवली. हिकॉकने माझ्या भावाला मारलं होतं, असं मॅकॉल म्हणाला, आणि त्याला सोडून दिलं. पुढे तो वायोमिंगमध्ये या कृत्याच्या बढाया मारताना पकडला गेला, यँक्टन इथे रीतसर खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला त्याला फाशी झाली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा? कारण डेडवुड ही वस्तीच बेकायदा होती. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने ती जमीन मूलनिवासी लकोटा लोकांची होती. तिथे गोऱ्यांनी भरवलेल्या कोर्टाला कायद्याने काहीच अर्थ नव्हता. पाश्चात्त्य साहसाची एवढी गाजलेली जागा मुळात कोणाच्या जमिनीवर उभी होती, हे या एका कायदेशीर मुद्द्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशातून दिसत नाही.

उरली कॅलॅमिटी जेन, त्याच सरहद्दीवरची एक गाजलेली बाई. ती आणि हिकॉक प्रेमी होते, त्यांचं गुपचूप लग्न झालं होतं, असं असंख्य ठिकाणी वाचायला मिळतं. ती डेडवुडला आली ती ज्या गाड्यांच्या तांड्यातून हिकॉक आला त्याच तांड्यात, पण वाटेत फोर्ट लॅरमीजवळ सामील झालेली. तिथून हिकॉकच्या मृत्यूपर्यंत जेमतेम काही आठवडे. १९०३ मध्ये ती वारली आणि तिला हिकॉकच्या शेजारी पुरलं, त्याने कथेला जोर आला. १९४१ मध्ये एका बाईने रेडिओवर येऊन सांगितलं की मी या दोघांची १८७३ मध्ये जन्मलेली मुलगी, आणि आईच्या हातची पत्रं माझ्याकडे आहेत. जेनला लिहिता-वाचता येत होतं असा पुरावा मात्र नाही.

खऱ्या लग्नाची नोंद आहे. ५ मार्च १८७६, चेयेन. वधू अ‍ॅग्नेस लेक, सर्कस चालवणारी विधवा, वयाने हिकॉकपेक्षा मोठी. पाद्र्याने नोंदवहीत नावांपुढे स्वतःचा शेराही मारून ठेवला आहे: या दोघांच्या मनात खरंच लग्न होतं असं वाटत नाही. अस्सल कागदावर समकालीन माणसाने लिहिलेली ही ओळ आहे, आणि तरीही ती फक्त पाद्र्याचं मत आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये हिकॉकने डेडवुडहून अ‍ॅग्नेसला पाठवलेल्या पत्रात सोन्याच्या शोधाबद्दल लिहिलं आहे, आपलंही एक घर होईल आणि मग आपण सुखात राहू असं लिहिलं आहे, आणि खाली सही केली आहे ती ‘जे. बी. हिकॉक’ अशी.